मोटारीचे पाय आणि लगाम

पुण्याहून पंढरपुराकडे जाणारा रस्ता नीरा नदी मागे टाकून सोलापूर जिल्ह्यात शिरला, की नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी गावे ओळीने लागतात. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच वाटेने जाते आणि तेव्हा हा रस्ता माणसांनी फुलून जातो. एरवी त्यावरून उसाचे ट्रॅक्टर, मालमोटारी व एसट्या धावतात. अशा रस्त्यावर चाळीस-पन्नास वर्षांची जुनी मोटार पुन्हा चालवावयाची झाल्यास पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो. इंजिन बंद पडले, तर गाडी उभी राहील एवढेच. परंतु ब्रेक लागले नाहीत, तर ती उभी राहणार नाही!

या भागात जुनी मोटार म्हटली, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फियाट येते. हिची कुळकथा सोलापूर जिल्ह्याशी जोडलेली आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरात झाला. माळशिरस तालुक्याच्या सीमेवरील नीरा ओलांडली, की त्यांच्या नावाचे वालचंदनगर लागते. त्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली व मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना उभारला. तेथे 1964 पासून फियाट 1100 डिलाइट ही गाडी तयार होऊ लागली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी पोहोचली. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले आणि 2023 साली मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीही गेल्या. तथापि गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली धूळ खात उभी असलेली एखादी पद्मिनी आजही आढळते.

बैलगाडीत बसलेल्या माणसाला वाटेतला प्रत्येक दगड कळतो, कारण चाक, आस आणि साटा यांच्यामध्ये लवचीक असे काहीच नसते. टांग्याला कमानी असतात. म्हणून त्यात हिसके कमी बसतात. मोटारीतही हीच युक्ती आहे. पद्मिनीच्या मागच्या आसावर पोलादी पाटे असतात. लांब पट्टीखाली आखूड, तिच्याखाली आणखी आखूड, अशा पट्ट्या एकत्र आवळून केलेली ही कमान ओझ्याखाली सपाट होते व ओझे हलके होताच पुन्हा वर उचलते. पुढच्या दोन चाकांना मात्र गुंडाळलेल्या तारेच्या, म्हणजे वेटोळ्याच्या कमानी असतात आणि प्रत्येक चाक आपापल्या दांड्यांवर स्वतंत्रपणे वरखाली होते. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले, तरी दुसऱ्याला त्याची झळ फारशी लागत नाही.

परंतु कमान एकदा दाबून सोडली, की ती लगेच थांबत नाही. झोपाळ्यासारखी कितीतरी वेळ हलत राहते. हे हेलकावे जिरविण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतो. त्याच्या नळीतील दट्ट्याला बारीक छिद्रे असतात व त्यांतून तेलाला अडखळत जावे लागते. तेल गळून गेले, की अडथळा संपतो. मग गाडी एका खड्ड्यानंतर चार वेळा उड्या मारते, आणि उडी मारणाऱ्या चाकाची रस्त्यावरील पकड सुटते. पकड सुटलेल्या चाकाला कितीही चांगला ब्रेक लावला, तरी गाडी थांबत नाही. या दोन कामांना हात एकदमच घालावा लागतो, तो यामुळेच.

काम सुरू करताना गाडी जॅकने उचलून भक्कम घोड्यांवर ठेवतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली शिरू नये, जॅक निसटतो. पुढची कमान काढणे हे सर्वांत जोखमीचे काम होय. तिच्यात शेकडो किलोंचा जोर दडपलेला असतो. म्हणून ती दाबून धरण्याचे खास साधन लावून, नंतर दांड्यांचे बोल्ट सैल करून तिला हळूहळू मोकळी सोडतात. उतावीळपणे बोल्ट काढला, तर कमान तोफगोळ्यासारखी सुटते.

सुटे भाग घासूनपुसून पाहिले, की खरी झीज दिसते. पाट्यांत गंज शिरलेला असतो, क्वचित एखाद्या पट्टीला केसासारखी चीर गेलेली असते. बसलेला पाटा लोहाराकडून तापवून वाकवून घेण्याचा मोह होतो. परंतु पोलादाला दिलेले पाणी अशाने उतरते व पाटा पुन्हा बसतो किंवा मोडतो. तो योग्य रीतीने पाणी देणाऱ्या कारागिराकडूनच करवून घ्यावा, नाही तर नवा घालावा. डावा व उजवा पाटा एकाच ताकदीचा हवा, अन्यथा गाडी एका कुशीवर झुकते. ज्या खिळीवर पुढचे चाक वळते, त्या किंगपिनची झीजही पाहावी लागते. चाक वरखाली धरून हलविले असता ते डुगडुगले, तर किंगपिन व तिचे बुश बदलणे भाग असते.

सांध्यांत रबरी बुश असतात. ते बसविताना गाडी उचललेली असतानाच बोल्ट पक्के आवळले, की चाके लोंबकळत असलेल्या स्थितीतच रबर पकडले जाते. मग गाडी जमिनीवर टेकताच ते कायमचे पिळवटलेले राहते आणि थोड्याच दिवसांत फाटते. म्हणून जाणता मिस्त्री बोल्ट प्रथम सैलसर ठेवतो, गाडी चाकांवर उतरवितो, आणि तिचा भार कमानींवर आल्यानंतरच शेवटचा पीळ देतो. एवढ्या एका सवयीवरून कारागिराची पारख होते.

आता ब्रेक. माणसांसह हजार किलो वजनाची मोटार ताशी 60 किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्या गतीत साठलेली शक्ती जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळीला आणू शकेल इतकी असते. वेग दुप्पट झाला, की ही शक्ती चौपट होते. गाडी थांबते तेव्हा ती बहुतेक सारी उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरते. पद्मिनीच्या चारही चाकांत ड्रम असतात. ड्रमच्या आत अर्धचंद्राकृती दोन जोडे बसविलेले असून त्यांवरील अस्तर फिरत्या ड्रमवर दाबले गेले, की घर्षणाने चाक थांबते.

पायाचा जोर चाकापर्यंत नेतो तो द्रव. बंद द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रान्समधील पास्कल या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडला. समजा, पायाने 20 किलोंचा जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो चौपट, म्हणजे 80 किलो झाला. मुख्य सिलिंडरमधील दट्ट्याचे क्षेत्रफळ 4 चौरस सेंटिमीटर असेल, तर द्रवात दर चौरस सेंटिमीटरला 20 किलो दाब निर्माण होईल. चाकाजवळच्या 5 चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्याला हाच दाब 100 किलोंच्या जोराने ढकलील. आणि असे दट्टे चारही चाकांत आहेत.

ड्रम उघडल्यावर आत काळी धूळ दिसते. तोंडाने किंवा हवेच्या नळीने ती उडवू नये. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी दुर्धर रोग जडतो. धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. अस्तर रिबिटांपर्यंत झिजले असल्यास रिबिटांची डोकी ड्रमला ओरखडतात. असा ड्रम लेथवर कातून गुळगुळीत करता येतो, परंतु ठरलेल्या जाडीपेक्षा पातळ झालेला ड्रम टाकूनच द्यावा लागतो. सिलिंडरमधील रबरी वाट्या, जुने रबरी होज व गंजलेल्या नळ्या यांबाबत काटकसर करू नये. वाट्यांना इंजिनाचे तेल किंवा ग्रीस लागले, तर त्या फुगतात व ब्रेक अडकून बसतो. त्यांना ब्रेकचा द्रवच लावावा. हा द्रव गाडीच्या रंगावर सांडला, तर रंग मात्र सोलून निघतो!

शेवटी नळ्यांतील हवा काढतात. द्रव दाबला जात नाही, पण हवा दाबली जाते. म्हणून एक बुडबुडा राहिला, तरी पेडल पोकळ वाटते. एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळची चावी उघडतो. बुडबुड्यांसह द्रव बाहेर येतो. चावी बंद झाल्यावरच पेडल सोडावयाचे. सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून हे चारही चाकांना करतात आणि मधूनमधून टाकीत ताजा द्रव घालतात. उघड्या बाटलीतील जुना द्रव वापरू नये. त्याने हवेतील पाणी शोषलेले असते, आणि ब्रेक तापले, की ते पाणी वाफ होऊन पुन्हा पोकळी करते.

पहिली परीक्षा मोकळ्या मैदानात, चालत्या माणसाच्या वेगाने घेतात. गाडी सरळ थांबली, तर वेग थोडा वाढवावयाचा. ती डावीकडे ओढली गेली, तर उजव्या चाकाचा ब्रेक कमी धरतो आहे असे समजून तेथील अस्तराला तेल लागले आहे काय ते पाहावयाचे. हे सारे जमल्यानंतर आणि पुढच्या चाकांची रेषा तपासून घेतल्यानंतरच गाडी मैदानातून पंढरपूरच्या रस्त्यावर येते.