कुष्ठरोगातील डोळा : नसांचा दाह आणि नसांची दुरुस्ती

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यातील जिल्ह्यांत डोळ्यांच्या नसांचा विचार करायचा, तर तो कुष्ठरोगापासूनच सुरू करावा लागतो. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारले, १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि २००५ च्या अखेरीस देशपातळीवर दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्टही गाठले गेले. तरीही या दोन जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही सापडतात, आणि त्यांच्या डोळ्यांना धोका असतो तो जंतूंपेक्षाही जंतूंवर तुटून पडणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचा.

कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतो, म्हणून चेहऱ्याच्या त्वचेलगतच्या नसा त्याला सोयीच्या पडतात. तेथे तो श्वान पेशींत, म्हणजे मज्जातंतूंभोवती मायलिनचे वेष्टण घालणाऱ्या पेशींत, वर्षानुवर्षे दडून राहतो. टी-पेशींनी त्याला एकदा ओळखले, की त्यांच्या इशाऱ्यावर मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी, गोळा होतात, नस तिच्या घट्ट आवरणातच सुजते, रक्तपुरवठा दबतो आणि तंतू मरतात. या उसळीला रिअ‍ॅक्शन म्हणतात, आणि मेलेल्या जंतूंचे अवशेषही ती घडवू शकत असल्याने औषधाचा कोर्स पुरा झाल्यावरही ती येते. झेब्राफिश माशांवरील २०१७ च्या प्रयोगात तर जंतूच्या आवरणातील एका मेदयुक्त घटकामुळे चेतलेले मॅक्रोफेजच नायट्रिक ऑक्साइड सोडून मायलिनची हानी करतात, असे दिसले.

डोळ्याच्या बाबतीत दोन नसा निर्णायक ठरतात. चेहऱ्याच्या नसेची शाखा गेली की पापणी पुरती मिटत नाही. त्रिशाखी नसेची शाखा गेली की पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, बधिर होतो. धान मळताना उडालेले कुसळ अशा डोळ्यात रुतले तरी दुखत नाही, पाणी येत नाही, रुग्ण काम चालूच ठेवतो आणि व्रण खोल जातो. तपासणी मात्र अगदी साधी असते: झोपेत मिटतो तसे डोळे हलकेच मिटायला सांगायचे आणि पापण्यांमध्ये उरणारी पांढरी फट पट्टीने मोजायची.

एवढी हानी करणाऱ्या या पेशींशिवाय दुरुस्तीही होत नाही, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. तुटलेल्या मायलिनचा कचरा मॅक्रोफेजच उचलतात, श्वान पेशी रूप पालटून वाट आखून देतात आणि त्या वाटेने तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. ही दुरुस्ती इतकी संथ असते, म्हणून प्रेडनिसोलोन या दाहशामक औषधाने दाह वेळीच आवरायचा असतो. नस निकामी होऊन सहा महिने उलटण्याआधी उपचार सुरू झाले, तरच ती सावरण्याची आशा बऱ्यापैकी असते. दृक्‌चेता, म्हणजे डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस, मात्र सहसा पुन्हा वाढतच नाही. पण उंदरांत डोळ्याच्या आत दाह घडवला असता तिचे तंतू वाढू लागतात, आणि २०२० मध्ये अशा वाढीला मदत करणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचा एक वेगळा प्रकारही सापडला. वरोऱ्याच्या किंवा हेमलकशाच्या रुग्णापर्यंत या संशोधनातले औषध म्हणून अजून काही पोहोचलेले नाही.

नस सावरण्याची वेळ निघून गेल्यावर कानशिलाच्या स्नायूची पट्टी पापण्यांना जोडण्याची शस्त्रक्रिया करता येते. ती यशस्वी झाली तरी डोळा मिटण्यासाठी रुग्णाला दात घट्ट आवळावे लागतात, ते दिवसभर आठवणीने करण्याचा सराव त्याला द्यावा लागतो, आणि पारपटलाची गेलेली संवेदना त्यातून परत येत नाही.