मुक्त बंद्यांचे पुनर्वसन : तयारी कारागृहात, कसोटी गावात

शिक्षेची मुदत संपली म्हणजे कारागृहाचा दरवाजा उघडतो. त्याच दिवशी घराचा, शेताचा आणि गावाचा दरवाजाही उघडेल, अशी हमी मात्र कोणताही कायदा देऊ शकत नाही. अनेक वर्षे ठरावीक वेळी उठणारा, ठरावीक वेळी जेवणारा आणि कोणताही निर्णय स्वतः न घेणारा माणूस एका सकाळी रस्त्यावर उभा राहतो. जवळ थोडे पैसे, अंगावरचे कपडे आणि सुटकेचा कागद एवढीच त्याची पुंजी असते. त्या दिवशी कोठे जावयाचे, रात्री कोठे झोपावयाचे आणि उद्या कोणाकडे काम मागावयाचे या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी नसतील, तर जुनी संगत त्याला सर्वात आधी गाठते. म्हणूनच सुटकेची तयारी ही सुटकेच्या दिवशी करावयाची गोष्ट नव्हे. ती कित्येक महिने आधी सुरू व्हावी लागते आणि तिचा अर्धा भाग कारागृहाबाहेर, बंद्याच्या गावी पार पाडावा लागतो.

जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याच्या संदर्भात हा प्रश्न पाहिल्यास त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

तापीच्या उत्तरेकडील तालुका

चोपडा तालुका तापी नदीच्या उत्तरेस आहे. दक्षिणेकडे कापूस आणि केळीची सुपीक जमीन, तर उत्तरेकडे सातपुड्याचे डोंगर आणि त्यापलीकडे मध्य प्रदेशाची हद्द अशी त्याची रचना आहे. पायथ्याच्या पाड्यांवर पावरा, भिल्ल, तडवी आदी आदिवासींची वस्ती आहे. यांतील अनेक कुटुंबे शेतमजुरीवर जगतात, तर काही हंगामात ऊसतोडीसाठी बाहेरगावी जातात.

या तालुक्यातील एखाद्या इसमास अटक झाली म्हणजे खटला चालू असेपर्यंत त्याला सामान्यतः जळगावच्या जिल्हा कारागृहात ठेवले जाते. दीर्घ मुदतीची शिक्षा झाल्यास त्याची रवानगी नाशिकरोडसारख्या मध्यवर्ती कारागृहात होऊ शकते. कागदोपत्री ही केवळ एक बदली असते. परंतु पाड्यावरील कुटुंबाच्या दृष्टीने भेटीला जाणे म्हणजे प्रवासाचा खर्च आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी असते. परिणामी भेटी विरळ होतात, पत्रे लिहिणारा कोणी नसतो आणि दोन-तीन वर्षांत घराशी असलेला धागा तुटतो. संगणकाद्वारे भेट घडविणारी ‘ई-मुलाकात’ ही सोय आता उपलब्ध आहे. पण ती वापरून देणारा माणूस गावात असावा लागतो.

एक जुना वारसा

कारागृहातील काळ माणूस घडविण्यासाठीही वापरता येतो, याचे एक थोर उदाहरण खानदेशातच घडलेले आहे. १९३२ मध्ये धुळे येथील कारागृहात विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात अठरा अध्याय पूर्ण झाले. ती प्रवचने टिपून घेतली पूर्वी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी. आज देशातील अनेक भाषांत गेलेला हा ग्रंथ कारागृहाच्या भिंतींआड जन्मला.

तथापि सत्याग्रही बंदी आणि सामान्य गुन्ह्यातील बंदी यांच्यात एक मोठा फरक होता. सत्याग्रही सुटून आला की गाव वेशीवर हार घेऊन उभे असे. सामान्य बंदी सुटून येतो तेव्हा वेशीवर कोणी नसते. असलेच तर कुजबुज असते. पुनर्वसनाचे सारे कार्य हा फरक कमी करण्यासाठी आहे.

या दिशेने महाराष्ट्रात फार पूर्वीच प्रयोग झाला. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही खुली वसाहत स्थापन झाली. तेथे बंदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या १९५७ मधील ‘दो आंखें बारह हाथ’ या चित्रपटास याच वसाहतीची प्रेरणा होती. माणसावर विश्वास टाकला आणि कुटुंब त्याच्याजवळ ठेवले तर तो पळून जात नाही, हा या प्रयोगाचा धडा होय. पुढे १९८० मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला समितीने १९८३ च्या आपल्या अहवालात सुटकेनंतरच्या अनुरक्षणास कारागृह-सुधारणेचे आवश्यक अंग मानले.

प्रत्येक बंद्याचे स्वतंत्र प्रकरण

सुटकेची तयारी करून देणारा कार्यकर्ता निरनिराळ्या नावांनी काम करतो. कोठे तो कारागृहाचा कल्याण अधिकारी असतो, कोठे महिला व बाल विकास विभागाचा परिविक्षा अधिकारी, तर कोठे स्वयंसेवी संस्थेचा समाजकार्यकर्ता. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० मध्ये ‘प्रयास’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील कार्यकर्ते कारागृहात जाऊन बंद्यांना भेटतात, त्यांचे कुटुंब व वकील यांच्याशी संपर्क साधतात आणि सुटकेनंतर काही काळ विद्यावेतनासह कामाचा अनुभव मिळवून देतात. हे काम घाऊक पद्धतीने होत नाही. प्रत्येक बंद्याची अडचण निराळी असते, म्हणून प्रत्येकाचे प्रकरण स्वतंत्रपणे हाती घ्यावे लागते.

उदाहरणादाखल, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शेतमजुराची कल्पना करावी. भांडणात झालेल्या मारहाणीबद्दल त्याला काही वर्षांची शिक्षा झाली आहे आणि सुटकेस सहा महिने उरले आहेत. कार्यकर्त्याची पहिली भेट ही चौकशी नसून ओळख असते. अहिराणी वा पावरी बोलणाऱ्या माणसाशी त्याच्या बोलीत दोन शब्द बोलल्यास जे कळते, ते छापील अर्जातून कळत नाही. घरी कोण आहे, शेवटची भेट केव्हा झाली, पत्नी सासरी आहे की माहेरी गेली, मुले शाळेत जातात काय, डोक्यावर कर्ज किती, दारूचे व्यसन होते काय, हे सर्व हळूहळू समजून घ्यावे लागते.

दुसरी पायरी कागदपत्रांची. आधार कार्ड हरवलेले असते, बँकेचे खाते निष्क्रिय झालेले असते, शिधापत्रिकेवरून नाव कमी झालेले असते. मधल्या काळात वडील वारले असतील तर सातबारावरील वारस नोंदीत त्याचे नाव आले आहे की नाही, हेही पाहावे लागते. सुटल्यावर भावाभावांत तंटा होऊन माणूस पुन्हा फौजदारीत अडकतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा अशी राहून गेलेली नोंद असते. सुटकेपूर्वी केलेला एक साधा अर्ज हा तंटा टाळू शकतो.

तिसरी पायरी गृहभेटीची, आणि हीच सर्वात अवघड. घरचे लोक त्याला घेण्यास तयार आहेत काय? ज्याला इजा झाली ते कुटुंब त्याच गावात राहते काय? त्यांच्या मनात अजून राग वा भीती आहे काय? त्या कुटुंबाची बाजू ऐकून न घेता केलेले पुनर्वसन टिकत नाही. प्रसंगी काही काळ दुसऱ्या गावी, नातेवाइकाकडे राहण्याची व्यवस्था करणेच शहाणपणाचे ठरते.

चौथी पायरी कामाची. येथे खानदेशाचे कृषी-पंचांग ध्यानात घेतले पाहिजे. सालदाराचे वर्ष आखाजीपासून धरण्याची येथे रीत आहे. आखाजीनंतर पंधरा दिवसांनी सुटलेल्या माणसाला सालदारकी मिळणे कठीण. त्याला वर्षभर रोजंदारीवर काढावे लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत सुटलेल्याला लगेच काम मिळते, तर भर उन्हाळ्यात सुटलेल्याला नाही. तेव्हा सुटकेची तारीख पाहून आधीच एखाद्या शेतकऱ्याशी बोलणे करणे वा रोजगार हमीच्या कामाची मागणी नोंदविण्याची तयारी ठेवणे आवश्यक ठरते. कारागृहात सुतारकाम, विणकाम वा शिवणकाम शिकलेल्यांच्या बाबतीत गावाजवळ त्या कामाला मागणी आहे काय, हे पाहणे तितकेच महत्त्वाचे. स्वयंरोजगारासाठी मुक्त बंद्यांना अर्थसाहाय्य देण्याची शासनाची योजना असून तिची माहिती जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात मिळते.

रजा : सुटकेची रंगीत तालीम

शिक्षा भोगणाऱ्या बंद्यास नियमांनुसार संचित रजा व अभिवचन रजा मिळू शकते. संचित रजेचा हेतू बंद्याचे कुटुंबाशी नाते टिकावे आणि दीर्घ बंदिवासाचे दुष्परिणाम कमी व्हावेत हा आहे. या रजेसाठी गावातून पोलिसांचा अहवाल लागतो आणि नातेवाइकास जामीन राहावे लागते. पाड्यावरील अशिक्षित आईला हे कळत नाही, म्हणून पात्र असूनही रजा राहून जाते. वास्तविक रजेचे ते दिवस म्हणजे सुटकेची रंगीत तालीमच होय. माणूस गावात कसा वागतो, गाव त्याच्याशी कसे वागते आणि कोठे अडते, हे त्यातून आधीच कळते. रजा संपताच वेळेवर परतलेला बंदी गावाचा अर्धा विश्वास मिळवून बसतो.

शिक्षा न झालेले बंदी

कारागृहातील बहुसंख्य बंद्यांना अद्याप शिक्षा झालेलीच नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे दर चार बंद्यांत सुमारे तीन. यांपैकी काहींना जामीन मंजूर झालेला असतो. परंतु रक्कम वा जामीनदार नसल्याने ते आतच राहतात.

चोपड्यासारख्या सीमावर्ती तालुक्यात ही अडचण वाढते, कारण पाड्यावरील माणसाचे सोयरे हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात असतात. मोतीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच, जामीनदार परजिल्ह्यातील आहे एवढ्याच कारणावरून नाकारणे अयोग्य ठरविले. ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार, जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावयाचे आहे. एक महिन्यात जामीनदार देता न आल्यास अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालय करू शकते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यास तिच्या सुटकेची तरतूद आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. फाशी वा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे यातून वगळले आहेत, तसेच एकाहून अधिक खटले प्रलंबित असल्यास हा लाभ मिळत नाही. गरीब बंद्यांसाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये योजना आखली; तिच्या मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत व दंड भरण्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत साहाय्य जिल्हास्तरीय समिती मंजूर करू शकत होती. काही विशेष कायद्यांखालील गुन्हे तीतून वगळलेले आहेत.

या तरतुदी बंद्याला आपोआप शोधत येत नाहीत. कोणाचा जामीन किती दिवस अडला आहे, हे कारागृहाला व विधी सेवा प्राधिकरणाला कळावे लागते; आणि त्या माणसाचे घर कोठे आहे, जामीन कोण राहील, हे गावाकडून कळावे लागते.

गावाने काय करावे

ग्रामपंचायत सदस्य, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि शिक्षक हे या कामातील मोठे दुवे होत. परिविक्षा अधिकारी गृहचौकशीसाठी येईल तेव्हा त्याला खरी व समतोल माहिती मिळाली पाहिजे. ‘गावाचा विरोध आहे’ असे एका वाक्यात लिहून देणे सोपे असते; पण विरोध कोणाचा आणि कशामुळे, हे सांगितल्यास मार्ग निघतो. रहिवासाचा दाखला, शिधापत्रिकेतील नावाची नोंद, कामाची मागणी या बाबींत मुक्त बंद्यास इतर ग्रामस्थांप्रमाणेच वागविले जावे.

शिक्षकांची जबाबदारी बंद्याच्या सुटकेपूर्वीच सुरू होते. वडील वा आई कारागृहात असलेल्या मुलाला वर्गात चिडविले जाते, आणि ते हळूहळू शाळेत येईनासे होते. असे मूल शाळेत टिकविणे, घरच्यांना बालसंगोपन योजनेसंबंधी चौकशी करावयास सांगणे आणि मुलाच्या हातचे चार ओळींचे पत्र कारागृहात पोहोचविणे, यांस फारसा खर्च येत नाही. तुटत चाललेला धागा मात्र त्यामुळे टिकतो.

काम देणाऱ्यांनी व स्थानिक संस्थांनी आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमाखाली समज देऊन वा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या व्यक्तीला, त्या कायद्याच्या कलम १२ नुसार, दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. अशा तरुणाला ‘तुरुंगात जाऊन आलेला’ म्हणून दूर ठेवणे हे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे.

मुक्त बंद्याविषयी गावाने आंधळा विश्वास बाळगावा, असे कोणी म्हणणार नाही. ज्यांना त्याच्या हातून इजा झाली त्यांची सावधगिरी रास्तच असते. परंतु शिक्षा ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे आणि ती भोगून झालेली आहे. तीत आणखी भर घालण्याचा अधिकार गावाकडे येत नाही. माणूस बेघर व बेरोजगार राहिला तर त्याची झळ त्याच्या मुलाबाळांना आणि अखेरीस गावालाच लागते. तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावचे कोण कारागृहात आहेत, त्यांच्या घरची स्थिती काय आहे आणि ते केव्हा सुटणार आहेत, एवढी माहिती संबंधित कुटुंबांच्या संमतीने आणि तिची वाच्यता न करता जाणून घेतली, तरी परिविक्षा अधिकाऱ्याचे निम्मे काम हलके होईल. चोपड्याच्या बसस्थानकावर उतरणाऱ्या मुक्त बंद्याला घरी नेण्यासाठी घरचे कोणी आलेले असणे, हे या साऱ्या तयारीचे पहिले फलित ठरेल.