अनेक ओळी एका दमात उडवायच्या? नोटपॅड प्लस प्लसमधली ती छोटी चौकट

फाइलमध्ये शेकडो ठिकाणी 'जाहिरात सुरू' ते 'जाहिरात समाप्त' असा पाच-दहा ओळींचा मजकूर आहे आणि तो सगळा काढायचाय. हाताने निवडत बसू नका. कंट्रोल-एच दाबा, खाली सर्च मोडमध्ये 'रेग्युलर एक्स्प्रेशन' निवडा आणि शोधायच्या जागी हे लिहा:

जाहिरात सुरू.*?जाहिरात समाप्त

बदलायची जागा रिकामी ठेवा. तरी काहीच सापडत नाही? साहजिक आहे. टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर, पण ओळ संपली की ते थांबतं. ही सवय जुनी आहे: केन थॉम्प्सन यांनी १९६०च्या दशकात एडिटरमध्ये पॅटर्न आणले, आणि तेव्हाची साधनं एकेक ओळ घेऊनच काम करत. शेजारची '. मॅचेस न्यूलाइन' ही चौकट टिक केली की टिंब ओळी ओलांडतं.

आता खरी गंमत त्या प्रश्नचिन्हात. ते गाळलंत तर पॅटर्न हावरा होतो: पहिल्या 'सुरू'पासून थेट शेवटच्या 'समाप्त'पर्यंत सगळं गिळतो, मधला कामाचा मजकूरही! प्रश्नचिन्ह असलं की जवळच्या 'समाप्त'लाच थांबतो.

खुणा ठेवून फक्त आतलं काढायचं असेल तर दोन्ही खुणा कंसात घाला आणि बदलायच्या जागी $1$2 लिहा. मागे उरलेल्या रिकाम्या ओळींसाठी एडिट मेन्यूत 'रिमूव्ह एम्प्टी लाइन्स' आहेच.

'रिप्लेस ऑल'आधी 'काउंट' दाबून आकडा बघा, आणि फाइलची एक प्रत बाजूला ठेवाच.