वरळीच्या घरांत लोणी मऊ कसें राखावें

शहरांतील गिऱ्हाइकाची तक्रार पुष्कळदां उत्पादकाच्या कानांपर्यंत पोहोंचतच नाहीं. "लोणी दगडासारखें आहे, लावूं गेलें कीं पाव फाटतो, यांत वनस्पति तूप तर घातलें नाहीं ना?" अशी शंका वरळीची गृहिणी घेते, आणि दुसऱ्या खेपेस निराळ्या दुकानीं जाते. लोणी शुद्ध असतांहि गिऱ्हाईक तुटतें. म्हणून हा विषय जितका स्वयंपाकघराचा तितकाच गोठ्याचाहि आहे, असें आम्हांस वाटतें.

लोण्यांतील स्निग्धांश एकजिनसी नसतो. त्याचा कांहीं भाग फ्रिजच्या थंडींतहि पातळ राहतो, तर कांहीं भाग शरीराच्या उष्णतेइतकी ऊब लागल्याखेरीज वितळत नाहीं. घट्ट भागाचे बारीक स्फटिक एकमेकांस चिकटून जाळें करतात व पातळ भाग त्यांत अडकतो. चार-पांच अंश सेंटिग्रेडला हें जाळें इतकें दाट होतें कीं सुरी रुतत नाहीं. १५ ते २० अंशांत लोणी सुखानें पसरतें. तिशीच्या पुढें तें गळूं लागतें. वरळीस मे महिन्यांत दुपारचें तापमान ३३ अंशांच्या आसपास जातें आणि रात्रींहि तें २७ च्या खालीं क्वचितच उतरतें. फ्रिजमध्यें दगड आणि फळीवर तेल, अशी अडचण होते ती यामुळेंच.

आतां गोठ्याकडे वळूं. म्हशीचें लोणी गाईच्या लोण्याहून मुळांतच घट्ट, आणि पांढरेंहि. कारण गाईच्या लोण्यास पिवळेपणा देणारें कॅरोटीन त्यांत जवळजवळ नसतें. त्यांतून म्हशीस सरकी भरपूर चारली तर लोणी अधिकच घट्ट होतें. तुपास रवा चांगला येतो म्हणून आपले लोक सरकीची स्तुति करतात, व तुपापुरती ती योग्यच आहे. परंतु लोणी पावावर लावण्यासाठीं जाणार असेल, तर सरकीचा कांहीं भाग कमी करून त्या जागीं भुईमुगाची किंवा जवसाची पेंड द्यावी आणि हिरवा चारा वाढवावा; लोण्याचा मऊपणा वाढतो. हा पालट एकदम करूं नये, हळूहळू करावा. १९४९ सालीं आरे येथें दुग्धवसाहत स्थापन झाली व मुंबईंतील म्हशी शहराबाहेर नेण्यास आरंभ झाला. तेव्हांपासून गोठा मुंबईकराच्या नजरेआड होत गेला. दाव्याला काय पडतें याचा लोण्याशीं संबंध असतो, हें त्यास आपण सांगितल्यावांचून कळावें कसें?

घरगुती उपायांत जुना उपाय गाडग्याचा. देशावरील घरांत लोण्याचा गोळा पाण्यांत बुडवून, गाडग्याभोंवतीं ओलें फडकें गुंडाळून ठेवीत. गिरणींत काम करण्यासाठीं सातारा-कोल्हापुराकडून आलेल्या कुटुंबांनीं हीच रीत वरळीच्या बी. डी. डी. चाळींत चालवून पाहिली असल्यास ती फसली असेल, यांत नवल नाहीं. पुण्याकडे एप्रिलांत हवा ३८ अंश तापली तरी कोरडी असते. आर्द्रता २० टक्के असतां ओल्या फडक्याखालचें पाणी २१ अंशांपर्यंत उतरूं शकतें. समुद्रकांठीं हवा ३२ अंश असली तरी आर्द्रता ७० टक्के. तेथें तेंच पाणी २७ अंशांखालीं जात नाहीं. म्हणजे हवा कमी तापलेली, पण गाडगें अधिक ऊन! वरळीकरानें गाडगें अवश्य वापरावें, मात्र त्यांत सकाळ-संध्याकाळ गार पाणी बदलावें, आणि पावसाळ्यांत त्याचा भरंवसा धरूं नये.

फ्रिज असल्यास लोण्याचा मोठा गोळा आंत ठेवून एका वेळच्या पुरता तुकडा पाव घटका आधीं बाहेर काढावा. तुकडा वाटींत घेऊन लांकडी चमच्यानें घोटल्यास स्फटिकांचें जाळें मोडतें. पुन्हां थंड झालें तरी तें पहिल्याइतकें घट्ट होत नाहीं. बिनमिठाचें घरचें लोणी बाहेर ठेवूं नये. त्यांत राहिलेलें ताक उन्हाळ्यांत एका दिवसांत आंबतें व लोण्यास वास येतो. म्हणून धुतांना पाणी नितळ येईपर्यंत धुवावें. मिठाचें लोणी थोडें अधिक टिकतें, इतकेंच.

घरीं साय सांठविणाऱ्यांनीं स्वीडनमधील आल्नार्प येथील पद्धत करून पाहावी. विरजलेली साय रात्रभर फ्रिजमध्यें ठेवून सकाळीं तिचें भांडें सुमारें २० अंशांच्या, म्हणजे हातास गारसर लागणाऱ्या पाण्यांत दोन तास ठेवावें, आणि मग पाणी आणखी थोडें गार करून घुसळावें. थंडीनें गोठलेला मऊ भाग उबेनें सुटतो, घट्ट भाग वेगळा राहतो, आणि लोणी पसरण्यास हलकें होतें.

चार भाग लोण्यांत एक भाग गोडेतेल घोटून घातल्यास तें फ्रिजमधूनहि मऊ निघतें. घरच्या वापरास याला आमची हरकत नाहीं. परंतु तो पदार्थ लोणी म्हणून विकणें ही भेसळ होय, आणि आरंभीं सांगितलेली गिऱ्हाइकाची शंका मग खरी ठरेल.

फळीवर राहून एकदां वितळलेलें लोणी पुन्हां गोठवूं नये. त्यांतील पाणी सुटतें व तें कणीदार होतें. त्याचें तूपच कढवावें.