केंद्रक फेकून देण्याआधी

अस्थिमज्जेची स्लाइड नवख्याला नुसती जांभळी गर्दी वाटते. तेलाचा थेंब टाकून शंभरची लेन्स खाली आली, पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा पॉइंटर फिरू लागला, की त्या गर्दीत वयं दिसू लागतात. ही थोराड, गडद निळी पेशी म्हणजे तांबड्या पेशीचं बाळरूप. पुढची तिच्याहून लहान, मग करडी, मग गुलाबीसर. निळेपणा आरएनएचा, गुलाबी छटा साठत चाललेल्या हिमोग्लोबिनची. केंद्रक मात्र आवळत आवळत काळा ठिपका होतं आणि शेवटी बाहेर फेकलं जातं. कधी अशा पेशींचं अख्खं बेट सापडतं: मधल्या भक्षक पेशीभोवती सगळ्या पंगतीला बसल्यासारख्या. जेवते मात्र मधलीच. टाकलेली केंद्रकं ती गिळते.

हे घडवणारी प्रथिनं स्लाइडवर दिसत नाहीत. आधी गाटा-२ पेशीला कोवळी ठेवतं. मग गाटा-१ येतं, डीएनएवरच्या त्याच जागा बळकावतं आणि गाटा-२ चं जनुकही बंद पाडतं. गाटा-१ नसलेल्या उंदरांत पेशी त्या निळ्या टप्प्यावरच अडकून मरतात आणि गर्भ जगत नाही. पुढे केएलएफ-१ प्रौढ बीटा ग्लोबिनचं जनुक जोरात चालवतं. एव्हाना इतर असंख्य जनुकं गप्प झालेली असतात. मला तर या कामात सुरू करण्यापेक्षा बंद करण्याचंच कसब जास्त वाटतं. केंद्रक गेल्यावरही पेशी दोनेक दिवस साठवलेल्या आरएनएवर हिमोग्लोबिन बनवत राहते. कोंबडीच्या तांबड्या पेशी केंद्रक सोडतच नाहीत; ते फेकणं ही सस्तन प्राण्यांची रीत.

असंच एका जनुकाचं बंद दार विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या सिकलसेल रुग्णांच्या दृष्टीने मोलाचं आहे. जन्मानंतर बीसीएल-११-ए हे प्रथिन गर्भातल्या हिमोग्लोबिनचं जनुक दाबून टाकतं. ते गर्भाचं हिमोग्लोबिन पुरेसं टिकलं, तर पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचं प्रमाण घटतं. प्रथिनाची ही भूमिका विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवली. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅसजेव्ही उपचारात बीसीएल-११-ए च्या जनुकाचा प्रथिन घडवणारा भाग जसाच्या तसा ठेवतात. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने कापतात तो त्या जनुकाला फक्त तांबड्या पेशींच्या वंशात चालना देणारा डीएनएचा तुकडा. हेच प्रथिन पांढऱ्या पेशींना आणि मेंदूलाही लागतं, म्हणून इतका नेमका वार. पण त्यासाठी रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढाव्या लागतात आणि बदललेल्या पेशी परत सोडण्याआधी जड केमोथेरपीने मज्जा रिकामी करावी लागते. उपचाराचा हा भाग अजून तितकासा नेमका नाही.