टीव्ही आधी, संडास नंतर

‘पोटाला नाही, पण हातातला मोबाइल बघा केवढा!’ हे वाक्य लोकलच्या डब्यात ऐकू येतं, पतसंस्थेच्या कचेरीत ऐकू येतं, शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत तर हमखास. बोलणारा माणूस दुष्ट नसतो. मुलाच्या वह्या-पुस्तकांना पैसे नाहीत आणि त्याच घरात हप्त्यावर नवा टीव्ही आला, हे पाहून शिक्षकाचा जीव तुटतो आणि त्यातूनच चीड येते. मलाही ती येते. ऋण काढून सण करू नये, हे ऐकतच आपण मोठे झालो. त्यामुळे कुणी तसं करताना दिसलं की आपलं मत क्षणात तयार होतं. पण ही चीड थोडा वेळ बाजूला ठेवून माणसं खर्च कसा करतात ते नीट पाहिलं, तर थक्क व्हायला होतं.

२०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे पंचवीस कोटी कुटुंबांना घरात काय काय आहे ते विचारलं गेलं. टीव्ही ४७.२ टक्के घरांत होता. आवारात स्वतःचा संडास ४६.९ टक्के घरांत होता. फोन मात्र ६३.२ टक्के घरांत पोहोचला होता. साधी वजाबाकी केली तरी दिसतं की किमान चार कोटी घरांत फोन होता आणि संडास नव्हता. एखाद्या घराचा हिशेब चुकतो, गावातल्या दहा घरांचा चुकतो. पण एकमेकांना कधीही न भेटलेली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी चार कोटी घरं एकाच रांगेत एकच चूक करतील का? मला या आकड्याचं अजूनही नवल वाटतं, आणि त्याचं उत्तर त्याहून नवलाचं आहे.

टीव्ही विकत घ्यायचा म्हणजे दुकानात पैसे मोजायचे, खोकं घरी आणायचं, प्लग लावायचा. उपग्रह दुसऱ्या कुणी आकाशात सोडलेला असतो, मालिका दुसऱ्या कुणी बनवलेल्या असतात, खांबावरून वीज आलेली असते, बिघडला तर तालुक्याच्या गावी दुरुस्त करणारा बसलेला असतो. या अवाढव्य यंत्रणेचं शेवटचं टोक तेवढं आपण घरात आणतो. संडासाचं सगळं उलटं. भांडं आणि चार भिंती हा त्यातला सोपा भाग. पाणी कुठून आणायचं, मैला कुठे जाणार, खड्डा भरला की तो कोण उपसणार, हे प्रश्न भिंतीपलीकडे सुरू होतात. शहरातल्या पक्क्या वस्त्यांत त्यांची उत्तरं नगरपालिकेनं जमिनीखाली पुरून ठेवलेली असतात, म्हणून आपल्याला ती दिसतही नाहीत. खेड्यातल्या माणसाला मात्र संडास बांधताना अख्खी नगरपालिकाच आपल्या परसात उभी करावी लागते.

डायान कॉफी आणि डीन स्पिअर्स या अभ्यासकांनी २०१४च्या सुमारास सहकाऱ्यांसह बिहार, हरियाणा, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत हाच प्रश्न धरून पाहणी केली. वापरातला संडास असलेल्या घरांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त घरांत निदान एक माणूस तरी उघड्यावर जातच होता. म्हणजे अडचण निव्वळ पैशाची नव्हती. सरकारनं सुचवलेली दोन खड्ड्यांची रचना शास्त्राच्या दृष्टीनं सुरेख आहे: एक खड्डा भरला की तो बंद करायचा आणि दुसरा वापरायचा, दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचं खत झालेलं असतं आणि ते सुरक्षितपणे काढता येतं. पण ते काढायचं कुणी? हे काम जातीच्या नावाखाली ज्यांच्या माथी मारलं गेलं, ते आता ते करायला नकार देतात, आणि हा नकार सर्वस्वी योग्य आहे. बाकीचे हात लावायला तयार नाहीत. मग लोकांना वर्षानुवर्षं भरणारच नाही असा भलामोठा खड्डा हवा असतो. तो परवडत नाही, आणि परवडणारा छोटा खड्डा नकोसा असतो. त्या काळात भारताहून गरीब असलेल्या बांगलादेशात साध्या, स्वस्त संडासांनी उघड्यावर जाणं जवळपास संपवलं होतं, ही गोष्ट यापुढे ठेवून पाहिली की आपली खरी अडचण उघडी पडते. इथे माझी चीड ओसरत नाही. ती टीव्ही घेणाऱ्यावरून उठून जातिव्यवस्थेकडे जाते.

आणखी एक गाठ आहे. शेजाऱ्याकडे टीव्ही नसला तरी माझ्या टीव्हीवर चित्र पूर्ण दिसतं. पण मी संडास बांधला आणि बाकीचं गाव उघड्यावरच जात राहिलं, तर जंतू पाण्यातून, माश्यांतून, मुलांच्या अनवाणी पायांतून माझ्या घरात येतातच. म्हणजे खर्च माझा एकट्याचा, आणि त्याचं फळ सगळ्यांनी तोच खर्च केला तरच हाती येणार. ज्याला आपण गरजेची वस्तू म्हणतो तिचा बराचसा भाग सार्वजनिक असतो. चैनीची वस्तू मात्र एका माणसाला एकट्यानं, पूर्ण स्वरूपात, आज संध्याकाळी विकत घेता येते. हे एक सूत्र हाती आलं की कितीतरी कोडी सुटू लागतात.

शहरातली झोपडपट्टी पाहा. पत्रे गळतात, पण आत मोठा टीव्ही आणि फ्रिज. मुंबईत झोपडीला संरक्षण मिळतं ते सरकारनं ठरवलेल्या तारखेवर. ती आधी १ जानेवारी १९९५ होती, मग १ जानेवारी २००० झाली. त्या तारखेआधीचा पुरावा नसलेल्या माणसानं भिंतीत विटा घातल्या तर तोडकाम आलं त्या दिवशी त्या मातीमोल होतात. टीव्ही उचलून दुसरीकडे नेता येतो. पेरू देशात १९९६पासून शहरी वस्त्यांतल्या बारा लाखांवर कुटुंबांना त्यांच्या जागेचे मालकीहक्क दिले गेले. एरिका फील्ड यांनी त्याचे परिणाम अभ्यासले, तेव्हा घराच्या दुरुस्ती-सुधारणेचं प्रमाण मूळच्या तुलनेत दोन-तृतीयांशाहून अधिक वाढलेलं आढळलं. काटकसरीचा उपदेश कुणी केला नव्हता. हातात फक्त एक कागद आला होता.

टीव्ही आणि फोन ही तरी चैन आहे का, हाही प्रश्न उरतोच. रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल येताना काय झालं ते मोजलं. त्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून द्यावी लागे, आणि त्याच सकाळी थोड्या अंतरावरच्या बंदरावर मासळी मिळत नसे. फोन आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारू लागले. नासाडी जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि मासे सुमारे चार टक्क्यांनी स्वस्त झाले. विकणाऱ्याचंही भलं, खाणाऱ्याचंही. याच जेन्सन यांनी एमिली ऑस्टर यांच्याबरोबर केबल टीव्हीचा अभ्यास केला. तो बिहार, हरियाणा, तामिळनाडू, दिल्ली आणि आपल्या शेजारच्या गोव्यातल्या गावांत झाला. जिथे केबल पोहोचली तिथे नवऱ्यानं मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या आणि मुलगाच हवा हा हट्टही कमी झाला. फुकट घालवलेला वेळ म्हणून आपण ज्या मालिकांना नावं ठेवतो, त्यांतून एखादी बाई आपल्या घरापलीकडचं घर पहिल्यांदा पाहत होती.

अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी मोरोक्कोतल्या एका खेड्यातल्या माणसाची गोष्ट सांगितली आहे. आणखी पैसे मिळाले तर आणखी अन्न घेईन, असं सांगणाऱ्या त्या माणसाच्या घरात टीव्ही, डिश अँटेना आणि डीव्हीडी प्लेअर होता. त्याला वर्षात शेतीवर सत्तरेक दिवस आणि बांधकामावर तीसेक दिवस काम मिळालं होतं. उरलेले अडीचशेहून जास्त दिवस गावात करण्यासारखं काही नव्हतं. मला या गोष्टीतला तो रिकामा वेळ हलवून गेला. भूक आपल्याला समजते, कारण ती शरीराची आहे. बिनकामाच्या, बिनकरमणुकीच्या अडीचशे दिवसांची भूक आपण हिशेबात धरतच नाही.

आता जरा मागे जाऊ, कारण हा आरोप आपल्याच मातीत फार जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं गाठली, वह्या आणि रोखे बाहेर काढले आणि जाळले. लोण पुण्यातून अहमदनगर जिल्ह्यात पसरलं. सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. रयत कर्जात का बुडते, याचं तयार उत्तर साहेबाच्या कचेरीत केव्हाचं पडलेलं होतं: हे लोक लग्नकार्यात पैसा उधळतात. आयोगानं मात्र सावकारी व्यवहार तपासले आणि वेगळंच लिहून ठेवलं. लग्न आणि सणांच्या खर्चाला नको तेवढं महत्त्व दिलं गेलं आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. लग्नाचा खर्च ऐपतीबाहेरचा दिसतो खरा, पण तो क्वचित येतो. कर्जाचा डोंगर वाढवतात त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहान नोंदी: धान्य, बियाणं, बैल आणि सरकारचा सारा.

किती लख्ख निरीक्षण आहे हे! लग्नाचा मांडव अख्ख्या गावाला दिसतो. बियाण्यासाठी घेतलेले दहा रुपये वहीत राहतात आणि तिथेच व्याजानं फुगतात. त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५मध्ये, कापसाचे भाव आभाळाला भिडले, युद्ध संपताच कोसळले, आणि पाठोपाठ फेरआकारणीत शेतसारा वाढला. रयतेचा हिशेब मांडवानं बिघडवला नव्हता. तरीही आरोप मेला नाही. महात्मा फुल्यांना ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ साली तो पुन्हा हातात घेऊन खोडून काढावा लागला.

पण लग्नावरचा खर्च निर्दोष असतो असं मी म्हणणार नाही. हुंडा हा गुन्हा आहे. दारू आणि जुगार घर खातात, आणि त्यांची तरफदारी करणारा अभ्यास माझ्यासमोर ठेवला तरी माझं मत हलणार नाही. लग्नाच्या जेवणावळीचं गणित मात्र याहून गुंतागुंतीचं आहे. विजयेंद्र राव यांनी ग्रामीण कर्नाटकात पाहणी केली, तेव्हा सण-समारंभांवर जास्त खर्च करणाऱ्या कुटुंबांना गावात मान जास्त, जेवणाची आमंत्रणं जास्त, आणि चकित करणारी गोष्ट म्हणजे त्यांना धान्य-भाजीही कमी दरानं मिळत असे. पंगत वाढून ते नाती आणि पत कमावत होते. बँक नसलेल्या, विमा नसलेल्या माणसाला दुष्काळात हीच पत तारते. ॲडम स्मिथनं १७७६मध्ये नोंदवलं होतं की लिननच्या सदऱ्यावाचून माणूस सहज जगू शकतो, पण त्याच्या काळच्या युरोपात साध्या मजुरालाही त्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटे, म्हणून तो सदरा गरजेतच मोजायला हवा.

यातली क्रूर गोष्ट अशी, की सगळे जण खर्च वाढवतात तेव्हा मान कुणाचाच वाढत नाही आणि कर्ज सगळ्यांचं वाढतं. तरी एकट्यानं थांबायची सोय नाही. ज्या बापानं एकट्यानं पंगत आखडली, त्याच्या मुलीला सासरी टोमणे ऐकावे लागतात. संडास एकट्यानं बांधून भागत नाही, तसं या शर्यतीतून एकट्यानं बाहेरही पडता येत नाही. म्हणून फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुरोहिताशिवाय, अगदी थोड्या खर्चात लग्न लावून दाखवलं, याची थोरवी मला फार मोठी वाटते. उधळतात म्हणून शेतकऱ्याला झोडपणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिलं, आणि त्याच शेतकऱ्याला कमी खर्चाचं लग्न मानानं करता येईल असा समाजही उभा केला. साध्या लग्नामागे दहा घरं उभी राहिली, की ते लग्न गरिबीचं लक्षण उरत नाही.

गावात मानाचं लग्न कसं असतं, हे गावातलं सर्वांत गरीब घर ठरवत नाही. ते तुमच्या-आमच्यासारखी, चार पैसे गाठीला असलेली घरं ठरवतात. तेव्हा पुढचं कार्य तुमच्या घरी निघेल, तेव्हा पैसा असूनही ते लहान करा, आणि उघडपणे, अभिमानानं लहान करा. आणि ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत गटाराचा, पाण्याचा, जागेच्या कागदाचा विषय निघाला, की तुमच्या घरी हे सगळं आधीच असलं तरी उठून बोला.