विदेशी कंपनीची नोकरी आणि वर्क व्हिसा



कोरोनाच्या काळापासून घरी बसून विदेशी कंपनीचे काम करणारी मुले आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातही दिसू लागली आहेत. त्यांचे पालक भेटले की आम्हाला हमखास विचारतात, "नोकरी तिकडचीच आहे, मग व्हिसा मिळेलच ना?" याविषयी थोडी माहिती येथे देत आहोत.

मूळ गोष्ट ही की नोकरी कंपनी देते, पण व्हिसा त्या देशाचे सरकार देते. मुलगा किंवा मुलगी भारतात राहून काम करीत असेल तर कोणताच व्हिसा लागत नाही. पगार बाहेरून आला तरी आयकर मात्र इथल्या नियमाने भरावा लागतो. त्या देशात जाऊन काम करायचे असेल तर वेगळी परवानगी लागते. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे नोकरी करता येत नाही.

ही परवानगी मिळण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत.

१) कंपनीने बोलावणे : अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी अर्ज कंपनीच करते, उमेदवार नाही. वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार इतकीच मर्यादा आहे. अर्ज जास्त आले की निवड होते. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर आकारण्याचा आदेशही निघाला. ब्रिटनमध्ये सरकारचा परवाना असलेली कंपनीच कामगार बोलावू शकते. म्हणून आधी कंपनीलाच विचारावे : तुम्ही व्हिसासाठी अर्ज कराल काय?

२) दूरस्थ कामाचा व्हिसा : एस्टोनियाने २०२० मध्ये आणि स्पेनने २०२३ मध्ये असा व्हिसा सुरू केला. दुबईतही तशी सोय आहे. यात त्या देशात राहून बाहेरच्या कंपनीचे काम करता येते, पण ठरावीक उत्पन्न दाखवावे लागते. तिथली स्थानिक नोकरी करण्याची ही मोकळीक नव्हे.

आता कागदपत्रांविषयी. आपल्याकडे खरी अडचण नावाची येते. काही घरांत महाराष्ट्राच्या रीतीने वडिलांचे नाव मधे लावतात, अंकसूचीत ते नसते, आधार कार्डावर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच असते. पासपोर्ट, अंकसूची आणि पदवी यांवर नाव एकसारखे हवे. तेव्हा नववीच्या नामांकनाच्या वेळीच पालकांनी प्रत्येक अक्षर तपासून घ्यावे. दहावीची अंकसूची जपून ठेवावी. ती जोडली तर पासपोर्टवर ईसीआरचा शेरा येत नाही. पासपोर्टचा अर्ज २०१८ पासून देशात कुठूनही करता येतो, म्हणून आपल्याला नागपूरही चालते.

शेवटी सावधगिरीची गोष्ट. "कॉम्प्युटरची नोकरी, थायलंडला या, व्हिसाची चिंता नको" अशा आमिषाने भारतातील तरुणांना म्यानमारच्या सीमेवर नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच याबाबत सूचना दिली होती. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ जणांना परत आणावे लागले. ही मुले शिकलेली होती, हे लक्षात घ्यावे.

म्हणून एजंटने पैसे मागितले तर तो भारत सरकारच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे की नाही ते पाहावे. व्हिसाचे नियम त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच वाचावेत, कारण ते वारंवार बदलतात. पासपोर्ट कोणाच्या हाती ठेवू नये. शेत किंवा दागिने गहाण ठेवण्याआधी नियुक्तिपत्र घेऊन शाळेत यावे. आम्ही ते सोबत बसून वाचू.